भाडेकरूला किती दिवसांची नोटीस द्यायची? आणि ११ महिन्यांचा करार बेळगावात पुरतो का?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. अनगोळला आमचं दोन मजली घर आहे, वरचा मजला भाड्यानं दिलाय. भाडं ९ हजार, डिपॉझिट ५० हजार. माणसं एकदम चांगली, भाडं कधी मागायला लागलेलं नाही, आईला तर त्या वहिनींचा मोठा आधार आहे. खरं आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय आणि वरचा मजला आम्हालाच लागणार. करार ११ महिन्यांचा होता, तो संपून बरेच महिने झाले, नवा करायचा राहिला आणि भाडं आम्ही घेत आलो.

आता मामा म्हणूलेत की करार संपला म्हणजे ते बेकायदा राहिलेत, आठ दिवसात सामान बाहेर काढायला सांग. शेजारचे काका उलटंच सांगतात, कर्नाटकात भाडेकरूचा कायदा लई कडक, बारा वर्षं राहिला की घर त्याचं, तुम्ही काही करू शकत नाही. दोघांचं ऐकून आईची झोप उडालीय. कायद्यानं खरं काय आहे ते कुणीतरी नीट सांगा. भांडण नकोय, पण आपली बाजूही पक्की पाहिजे.

टिळकवाडी कट्टा
आधी वर जाऊन त्यांच्याशी बोललात का ओ? नोटीस नंतर.

अनगोळकर
नाही अजून. काय बोलायचं तेच कळंना म्हणून इथं विचारूलोय.

हिंदवाडीची काकू
मी तर सांगते, चांगली माणसं चांगली आहेत तोवरच चांगली. घर सोडायची वेळ आली की रंग दिसतात. आमच्या नात्यातल्या एकांची केस कोर्टात किती वर्षं चालली, शेवटी त्यांनीच पदरचे पैसे देऊन भाडेकरूला बाहेर काढलं. आम्ही त्यामुळं हल्ली फक्त बँकेतली नाहीतर मराठा सेंटरमधली, म्हणजे लष्करातली, बदलीची माणसं बघतो, बदली झाली की आपोआप जातात.

कोर्ट रोडवरचा
मी इथं वकिली करतो. अनगोळकर, एकेक करून सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या घराला रेंट ॲक्ट लागतच नाही. आपल्याकडं कर्नाटक रेंट ॲक्ट १९९९ आहे, तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला आणि त्याच्या आधीचा १९६१ चा रेंट कंट्रोल कायदा गेला. तुमच्या काकांच्या डोक्यातला कडक कायदा म्हणजे तो १९६१ चा. नव्या कायद्यात भाड्याची मर्यादाच घातलीय, ठरावीक मोठ्या शहरांत महिना ३५०० आणि बाकी ठिकाणी २००० च्या वर भाडं असेल तर तो कायदा त्या घराला लागू होत नाही. आज ३५०० मध्ये बेळगावात धड एक खोली मिळत नाही, म्हणजे नव्यानं भाड्यानं जाणारी जवळजवळ सगळी घरं त्या कायद्याच्या बाहेर. दुकानाचंही तसंच, गाळा १४ चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर बाहेर.

मग लागतं काय? १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, आणि तुम्ही दोघांनी सही केलेला करार. करार संपल्यावरही तुम्ही भाडं घेत राहिलात तर कलम ११६ प्रमाणं ते महिन्या-महिन्याचे भाडेकरू झाले. बेकायदा नाहीत. मामांना तेवढं सांगा. आणि महिन्याच्या भाडेकरूला कलम १०६ प्रमाणं १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस त्यांना मिळाली त्या दिवसापासून हे १५ दिवस मोजायचे. पण तुमच्या जुन्या करारात एक महिना किंवा दोन महिने असं लिहिलं असेल तर तेच धरायचं. म्हणून आधी कपाटातला करार काढून वाचा.

बारा वर्षांचं म्हणाल तर भाडेकरू तुमच्या परवानगीनं राहतो, भाडं देतो म्हणजे मालक तुम्ही हे तो दर महिन्याला मान्य करतो. असा माणूस नुसता राहिला म्हणून मालक होत नाही, बारा काय आणि चाळीस काय. बारा वर्षं दुसऱ्याच ठिकाणी लागतात. नोटीस देऊन भाडेकरार संपवला आणि तरी तो उठला नाही, तर तिथून १२ वर्षांच्या आत ताब्याचा दावा लावावा लागतो. म्हणजे नोटीस देऊन झोपून राहायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शहापूरकर
वकीलसाहेबांनी बरोबर सांगितलं, खरं काका अगदीच चुकीचं बोलूलेत असंही नाही. आमच्या शहापूरात, तिकडं गणपत गल्ली, रविवार पेठ भागात अजून जुनी कुळं आहेत की ओ. आजोबांच्या काळात दिलेली खोली, भाडं शंभराच्या आत, आता नातवंडं राहूलेत. तिथं मालकाला घरपट्टी निघंना भाड्यातून. आमच्याकडं माग बसवलेली एक जागा अशीच होती. ते सगळं बघितलेल्या माणसाच्या मनात भीती बसते ती बसतेच.

कोर्ट रोडवरचा
शहापूरकर, मान्य. ३५०० च्या आतलं जुनं भाडं असेल तर रेंट ॲक्ट लागतो आणि तिथं मालकाला कारण दाखवावं लागतं. भाडं थकवलं आणि मागणीची नोटीस दिल्यावरही दोन महिन्यांत भरलं नाही, परस्पर पोटभाडेकरू घातला, किंवा मालकाला स्वतःला खरोखर जागेची गरज आहे, अशी कारणं कलम २७ मध्ये आहेत. म्हणजे तिथंही ताबा मिळतच नाही असं नाही, वेळ लागतो.

चंदगडी
मी चंदगडचा, पोरांच्या शिक्षणासाठी बेळगावात भाड्यानं राहतो, तिकडं गावचं घर पण एका शिक्षकांना दिलंय. दोन्हीकडं दोन तऱ्हा. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार असला तरी रजिस्टर करावाच लागतो, तिकडच्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर ५ हजारांपर्यंत दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. आम्ही तो घरबसल्या ऑनलाइन केला, आधार आणि अंगठा. इकडं बेळगावात आलो तर मालक म्हणाले सोसायटीतून ई-स्टँप आणा, टायपिस्टकडं छापू, नोटरी करू, झालं. रजिस्टरचं नाव नाही. मला पहिल्यांदा वाटलं हे आपल्याला फसवूलेत की काय.

कोर्ट रोडवरचा
फसवलं नाही. इकडं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार असेल तरच रजिस्ट्रेशन सक्तीचं, १९०८ च्या रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणं. म्हणून तर ११ महिने काढले. तुमच्याकडं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा करार, चालतो आणि मुदत संपल्यावर उठला नाही तर दुप्पट भाडं लागतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. इकडं ती सोय नाही, सरळ दिवाणी दावा. तिकडच्या भाऊबंदांचं ऐकून इकडं करार करणारे लोक इथंच गोंधळतात, निपाणी, संकेश्वर भागात तर कोल्हापूरचा छापील नमुना आणून भरतात. तसं करू नका.

खासबागची
सगळे मालकाच्या बाजूनं बोलूलेत म्हणून मी भाडेकरूची बाजू सांगते. आम्ही कायम भाड्यानं राहिलो. मागच्या घराचं डिपॉझिट ४० हजार, सोडताना हातात आले २२. रंगाचे इतके, खिळ्यांचे इतके, बेसिनचा पाइप गळतो त्याचे इतके. तो पाइप आम्ही राहायला गेलो तेव्हापासून गळत होता, खाली डबा लावून आम्हीच काढले दिवस. भिंतीला ओल पावसाळ्यात येते, बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, ती ओल काय आम्ही आणली? मालक म्हणाले करारात लिहिलंय. करार सगळा कन्नडमध्ये, यांनी टायपिस्टच्या टेबलावर उभ्या उभ्या सही केलेली. मला कन्नड बोलता येतं खरं वाचायला जमत नाही. नंतर शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला तर रंगाचा खर्च भाडेकरूचा असं एक कलम होतं, पाइपचं काहीच नव्हतं.

हिंदवाडीची काकू
रंग तर द्यायलाच पाहिजे ना ताई. तुम्ही स्वयंपाकघरात फोडण्या देणार, पोरं भिंतीवर रेघा मारणार, पुढच्याला मी तसंच घर दाखवू? नवा रंग दिल्याशिवाय आत कुणी पाऊल टाकत नाही हल्ली. आणि तो खर्च आता केवढा येतो बघा.

खासबागची
काकू, रेघा मारल्या तर घ्या ना पैसे, कोण नाही म्हणतंय. खरं राहून राहून रंग जुना होतो त्याचेही आम्हीच द्यायचे का? मग महिन्याला भाडं कशाचं घेता?

मच्छे रूम नं ४
खासबाग ताई +१. आम्ही चार पोरं एका घरात राहतो, कॉलेजमुळं. मालक जाताना प्रत्येक बॅचचे रंगाचे पैसे कापतात आणि रंग आम्ही आल्यापासून तोच आहे. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा कायदा आलाय ना?

कोर्ट रोडवरचा
तो केंद्राचा मॉडेल टेनन्सी ॲक्ट, २०२१ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केला. त्यात राहत्या घराला दोन महिने आणि दुकानाला सहा महिने अशी मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा करून आणला तरच लागू. कर्नाटकानं तो आणलेला नाही. म्हणून बेंगळूरला दहा-दहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागतात, कुणी अडवत नाही.

रंगाच्या वादावर बोलतो. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम १०८ सांगतं की भाडेकरूनं घर घेतलं तसं परत द्यायचं, पण रोजच्या वापरानं जी झीज होते ती सोडून. म्हणजे करारात काहीच लिहिलेलं नसेल तर खासबाग ताईंचं बरोबर. करारात रंगाचं कलम असेल आणि तुम्ही सही केली असेल तर काकूंचं बरोबर. त्याच कलमात आणखी एक कामाची गोष्ट आहे जी भाडेकरूंना माहीत नसते. जी दुरुस्ती मालकानं करायची आहे ती सांगूनही रास्त वेळेत केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊन भाड्यातून वजा करू शकतो. फक्त आधी लेखी कळवलेलं पाहिजे, व्हॉट्सॲप मेसेज तरी, आणि प्लंबरची पावती.

डिपॉझिट अडकवलं तर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. लहान रकमेला वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून लोक सोडून देतात. महिलांना कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ताई, जाऊन या एकदा.

खासबागची
हे पहिल्यांदाच ऐकलं. धन्यवाद दादा, जाणार.

भाग्यनगर
डिपॉझिट पूर्ण परत देणारा घरमालक कुणाला सापडला तर सांगा, त्याच्या घरी कुंदा घेऊन आम्ही जातो.

शहापूरकर
आम्ही दिलंय की ओ परत. पत्ता पाठवू काय?

भाग्यनगर
पाठवा पाठवा 😄

निपाणीकर
लीजबद्दल कुणीच बोललं नाही. इकडं हल्ली भाड्यापेक्षा लीजवर घर घ्यायची टूम आहे, पाच-सहा लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्यानं राहायचं, जाताना सगळे पैसे परत. ऐकायला झकास. माझ्या मित्रानं असं घर घेतलं, कागद काय तर साधा स्टँप आणि नोटरी. वर्षभरात बँकेची माणसं दारात, घरावर आधीच कर्ज होतं आणि हप्ते थकलेले. मालकानं याचे पैसे भलतीकडंच घातले होते. बायको-पोरांना घेऊन तो आता दुसरीकडं भाडं भरत राहतोय आणि इकडं पैशासाठी कोर्टात खेपा. एवढी आयुष्यभराची पुंजी माणूस देतो आणि घराचा उतारासुद्धा बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्ट रोडवरचा
निपाणीकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. याला लोक लीज म्हणतात, पण पैसे घेऊन ताबा द्यायचा आणि पैसे परत केल्यावर ताबा परत, व्याजही नाही आणि भाडंही नाही, हे कायद्यात ताबेगहाणाच्या अंगानं जातं. शंभर रुपयांच्या वरचं असं गहाण रजिस्टर केल्याशिवाय टिकत नाही. साध्या भाडेपट्ट्याचा कागद केला आणि मुदत दोन-तीन वर्षं टाकली तरी रजिस्ट्रेशन लागणारच. तेव्हा लाखांत रक्कम देणार असाल तर सब-रजिस्ट्रारकडं रजिस्टर करून घ्या. त्याआधी ईसी, म्हणजे बोजाचा दाखला (एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट), काढा म्हणजे घरावर बोजा आहे का कळतं, नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाइन निघते. आणि मालक रजिस्ट्रेशनला नको म्हणाला की तिथूनच माघारी फिरा.

मच्छे रूम नं ४
ईसीत सगळं कर्ज दिसतं का?

कोर्ट रोडवरचा
रजिस्टर झालेलं दिसतं. हातउसनं दिसत नाही. म्हणून मूळ कागद मालकाच्या हातात आहेत का तेही बघायचं, मूळ कागद बँकेत असतील तर झेरॉक्स दाखवतात.

मच्छे रूम नं ४
अजून एक विचारतो, विषय थोडा वेगळा आहे. आमच्या घराचं हेस्कॉमचं लाईट बिल शून्य येतं, सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळं. तरी मालक महिन्याला ६०० रुपये लाईटचे घेतात. म्हणतात मीटर माझ्या नावावर, सवलत माझी.

टिळकवाडी कट्टा
हे तर सर्रास चालूलंय. आमच्या गल्लीत तीन घरं अशी आहेत.

भाग्यनगर
तुमच्या खोलीला वेगळा मीटर आहे का सब-मीटर? सब-मीटर असेल तर आर. आर. नंबर (बिलावरचा जोडणीचा नंबर) वेगळा नसतो, मग तुम्हाला काही करता येत नाही. वेगळा मीटर असेल तर भाडेकरूलाही गृहज्योती मिळते, २०२३ ला योजना आली तेव्हापासूनच. भाडेकराराची कॉपी आणि तुमचं आधार लावून त्या आर. आर. नंबरला सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर नोंद करायची. घर सोडताना आधार डीलिंक करायचं, ती सोय पण आहे. आणि महिन्याला युनिट २०० च्या वर गेले की पूर्ण बिल लागतं, चार पोरं आणि गिझर असेल तर तेही बघा.

हिंदवाडीची काकू
शून्य बिलाचे पैसे घेणं मलाही पटत नाही हो. हे चुकीचंच.

खासबागची
काकू, इथं आपलं जमलं बघा.

येळ्ळूरची वाट
मी जरा वेगळं सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका मालकानं भाडेकरू उठत नाही म्हणून पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, एक दिवस ते कामावर गेले असताना दाराला आपलं कुलूप लावलं. घरात लहान पोराची औषधं आत. भाडेकरू बिचारा संध्याकाळी जिन्यात बसलेला. भाडं थकवलं असेल, चूक असेल त्याची, खरं असं कुणी करतं का? आणि गल्लीतले लोक मालकालाच शाबासकी देत होते.

कोर्ट रोडवरचा
असं करता येत नाही. भाडं थकलेलं असो, करार संपलेला असो, ताबा कोर्टामार्फतच घ्यायचा. जबरदस्तीनं बाहेर काढलेला माणूस स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्नच येत नाही, ताबा कुणाचा होता आणि कुणी काढला एवढंच बघतात. असा मालक न्याय्य केस असूनही हरतो. अनगोळकर, मामांचा आठ दिवसांचा सल्ला तुम्हाला तिथंच नेणार होता.

अनगोळकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल करार शोधून काढला. त्यात एक महिन्याची नोटीस लिहिलीय, दोन्ही बाजूंनी. मग आई आणि मी वर जाऊन बोललो. ते म्हणाले लग्नाचं आम्हालाही कळलं होतं, तुम्ही कधी विचारताय तेच बघूलो होतो. त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे, मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, त्यामुळं एप्रिल अखेरपर्यंत राहू द्या म्हणाले. लग्न मे महिन्यात आहे, रंग वगैरे करायला वेळ कमी पडेल, पण आईनं लगेच हो म्हटलं. पोराच्या दहावीच्या मध्ये घर बदलायला लावणं आम्हाला कुणालाच बरं वाटलं नसतं.

आता हे तोंडी ठरलंय. कागद करायचा का? केला तर त्यांना वाईट वाटेल का असं वाटतं.

हिंदवाडीची काकू
करा. नक्की करा. तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

खासबागची
मी भाडेकरू असते तर मला कागद असलेला आवडला असता. एप्रिलपर्यंत कुणी उठवणार नाही आणि डिपॉझिट कधी मिळणार हे लिहून मिळालं तर नवं घर शोधताना माणूस निर्धास्त असतो. त्यांना असंच सांगा, तुमच्यासाठी पण आहे म्हणून.

कोर्ट रोडवरचा
खासबाग ताईंनी अगदी योग्य सांगितलं. एका पानाचा कागद पुरे. लिहायचं इतकंच की इतक्या तारखेला रिकामा ताबा देणार, तोपर्यंत भाडं ९ हजारच राहील, डिपॉझिटचे ५० हजार ताबा देतील त्याच दिवशी चेकनं किंवा खात्यावर, आणि काही कापायचं असेल तर ते कशाकशाचं हे ताब्याच्या पंधरा दिवस आधी घर एकत्र बघून ठरवणार. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यांना जी भाषा वाचता येते त्या भाषेत करा, मराठीत केलात तरी दोघांमधला कागद म्हणून चालतो. या कागदाच्या जोडीला करारातल्याप्रमाणं एक महिन्याची नोटीस मार्चअखेर द्या, घरात हातात देऊन पोच घ्या. नोटीस म्हणजे भांडण नव्हे हे आईंनी त्या वहिनींना आधी सांगून ठेवलं की झालं.

शहापूरकर
आणि अनगोळकर, त्यांना नवं घर बघायला मदत करा. वडगावात, भारतनगरच्या बाजूला आमच्या ओळखीचे दोन मजले रिकामे होणार आहेत मे महिन्यात, भाडं साधारण तेवढंच. मेसेज करा, नंबर देतो.

अनगोळकर
शहापूरकर, लगेच मेसेज करतो. त्यांना अनगोळ-वडगाव भागच पाहिजे, शाळा जवळ म्हणून. वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंय तसाच कागद मराठीत लिहिलाय, धाकटा भाऊ आणि खालचे किराणा दुकानवाले काका साक्षीदार. रविवारी सगळे मिळून सही करूलोय.

भाग्यनगर
एक राहिलं. वरच्या मजल्याचा मीटर वेगळा असेल आणि गृहज्योती त्यांच्या आधारवर असेल तर ताब्याच्या दिवशी डीलिंक करायला सांगा, नाहीतर त्यांना नव्या घरात नोंद करता येणार नाही आणि तुम्हाला इकडं. मीटरचं रीडिंग त्या कागदावरच मांडून घ्या.